कॅलिप्सोचा पत्ता

मे महिना संपत आला की कॅनडातल्या ब्रूस द्वीपकल्पावर रानातली ऑर्किडं फुलायला लागतात. टोरांटोहून गाडीने चारेक तास उत्तरेला गेलं की हायवे 6 च्या टोकाला टोबरमोरी नावाचं छोटं बंदर लागतं. पश्चिमेला ह्युरन सरोवर, पूर्वेला जॉर्जियन उपसागर आणि मधे चुनखडीचा लांबलचक कणा. या कण्यावर माती इतकी पातळ आहे की शेती कधी नीट जमली नाही, म्हणून जंगल राहिलं. ह्युरनच्या बाजूला चुन्याच्या पाण्याच्या उथळ दलदली राहिल्या. दोन्हीकडच्या थंड पाण्यामुळे वसंतही इथे रेंगाळत येतो. एवढ्याशा पट्ट्यात चाळीसहून अधिक जातींची ऑर्किडं सापडतात.

मी या ऑर्किडांचे फोटो काढतो आणि ठिकाणं कुणाला सांगत नाही. यंदा साताऱ्याहून मावशी आली होती. तिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटेवर एका तरुण जोडप्याने माझा कॅमेरा बघून विचारलं, कॅलिप्सो ऑर्किड कुठे दिसेल? ‘‘जंगलात आहेत, बघत चला,’’ एवढंच मी म्हणालो. मावशीला ते अजिबात आवडलं नाही. गाडीचं दार लावता लावता तिने विषय काढला आणि टोरांटोला परतेपर्यंत तो चालू राहिला.

मावशी : ती पोरगी किती जीव तोडून विचारत होती. तुला ठाऊक होतं ना? मग सांगायला काय झालं?

मी : ती मैत्रिणीला सांगेल, मैत्रीण जागेच्या नावासकट फोटो टाकेल आणि पुढच्या शनिवारी तिथे माणसांची रीघ लागेल. मावशी, कॅलिप्सो वीतभरही उंच नसतं. एका कंदाला एकच पान. ते शरदात येतं, बर्फाखाली हिवाळा काढतं आणि फूल होऊन गेल्यावर उन्हाळ्यात वाळतं. वर्षाची सगळी कमाई त्या एका पानाची. त्यावर कुणी गुडघा टेकला की त्या झाडाचं वर्ष गेलं.

मावशी : पान गेलं की काय होतं ते मला माहीत आहे. मी विचारतेय ते वेगळं. तू लपवतोस कुणापासून? चोराला तुझी गरज नाही, तो रान तुडवून शोधून काढतो. तू अडवलंस त्या मुलीला. तिने एकदा ते फूल बघितलं असतं तर जन्मभर त्याच्या बाजूने बोलली असती.

मी : चोरांचं मला फारसं भय नाही. खोदून नेलेलं कॅलिप्सो बागेत टिकत नाही, त्याला त्याच्या मातीतली बुरशी लागते. मला भीती वाटते प्रेमाने येणाऱ्यांची. ज्याला नुसतं ऑर्किड बघायचंय त्याने टोरांटोच्या बागांत बघावं. तिथे एपिपॅक्टिस पदपथाच्या कडेलासुद्धा उगवते. मूळची युरोपातली, 1879 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा नोंदली गेली आणि मग पसरतच गेली. ती तुडवली तरी पुन्हा येते. इथल्या मातीतली ही ऑर्किडं तशी येत नाहीत.

मावशी : म्हणजे लोकांनी उपरं बघावं आणि अस्सल तेवढं तुझ्यासाठी राखून ठेवावं.

मी : माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. इंग्लंडचं बघ. पिवळ्या लेडीज स्लिपर ऑर्किडचे गुच्छ तिथे एके काळी बाजारात विकायला यायचे. 1917 मध्ये ते संपलं असंच सगळ्यांनी धरलं. 1930 मध्ये यॉर्कशायरच्या डोंगरात एक झाड सापडलं. एकच. ज्यांना कळलं त्यांनी ते पोटात ठेवलं. पुढे फुलाच्या दिवसांत तिथे राखण बसायची. ते झाड वाचलं ते गुप्ततेमुळे.

मावशी : वाचलं, पण वाढलं का? एकटं झाड, परागाला शेजारी दुसरं नाही. माणसांना हाताने परागण करावं लागलं. वंश वाढला तो कधी? क्यू उद्यानातल्या प्रयोगशाळेने 1980 च्या दशकापासून त्या झाडाच्या बिया काचेत रुजवायचा ध्यास घेतला तेव्हा. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ, पोटात शिदोरी नाही, बुरशी भेटली तरच रुजणार. ते जमायला वर्षं गेली. रानात लावलेल्या रोपांपैकी पहिल्याला फूल आलं 2000 साली. आज लँकशायरमधल्या गेट बॅरोज या राखीव जंगलात ती फुलं कुणीही जाऊन बघू शकतं. मग झाड वाचवलं कुणी? गप्प बसणाऱ्यांनी की प्रयोगशाळेत बसणाऱ्यांनी?

मी : गप्प बसणारे नसते तर प्रयोगशाळेला बी कुठून मिळालं असतं? बकिंगहॅमशायरमध्ये 1947 मध्ये मिलिटरी ऑर्किड पुन्हा सापडलं. ज्याला सापडलं त्याने जागा सांगितली नाही. ती बरीच वर्षं गुपितच राहिली.

मावशी : आणि आज? ते सापडलं ते जंगल, होमफिल्ड वुड, आता राखीव आहे, फुलाच्या दिवसांत लोक पायवाटेवरून जाऊन बघतात. तुझी दोन्ही उदाहरणं उघड्यावरच येऊन संपतात.

ती म्हणते त्यात तथ्य आहे, हे मला तिथेच जाणवलं. गुप्ततेने फुलाला मुदत मिळते. त्या मुदतीत कुणी काही केलं तरच तिचा उपयोग. पण मुदत मिळाली नाही तर पुढचं सगळंच खुंटतं, हेही मला सोडवत नव्हतं. मग मी तिच्याच अंगणातला दाखला काढला.

मी : कासच्या पठाराचं काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस.

मावशी : बघितलंय. आम्ही मुलांना घेऊन जायचो तेव्हा पठारावर गुराखी असायचे आणि आम्ही. मग फोटो आले, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आल्या. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात नाव गेलं. सप्टेंबरातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागायला लागली. कातळावर दोन बोटं माती, त्यात उगवलेलं हॅबेनारिया ऑर्किड, आणि त्यावर फतकल मारून फोटो काढणारी माणसं. मला रडू आलं होतं.

मी : मग मी वेगळं काय सांगतोय?

मावशी : ऐक ना पुढचं. आता दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे, आसपासच्या गावांतली पोरं तिथे वाटाडी म्हणून उभी असतात. कुंपणावरून केवढे वाद झाले. सगळं नीट झालंय असं मी म्हणणार नाही. पण कासला काही करायचं म्हटलं तर आज शंभर माणसं विचारतील. आपल्या सह्याद्रीत कासची किती भावंडं होती. कुठे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कुठे जांभ्याच्या खाणी, कुठे बंगल्यांचे प्लॉट. त्या सड्यांवरची फुलं गेली तेव्हा हळहळायलाही कुणी नव्हतं, कारण ती तिथे आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. गर्दीने फूल मरतं हे खरं. पण माणसाला पत्ताच नसला तर अख्खं पठार जातं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या कॅलिप्सोच्या जागी घेऊन गेलो.

वाट अशी नव्हतीच. सीडरच्या आडव्या खोडांवरून आणि उघड्या दगडांवरून पाय टाकत जायचं, मॉसवर शक्यतो नाही. डासांचे थवे होते. इथे पाहून बसावं लागतं, कारण पॉयझन आयव्ही आहे, गोचीड आहे, आणि ओंटारियोतला एकमेव विषारी साप, मॅसासॉगा रॅटलस्नेक, या द्वीपकल्पावरही राहतो. फूल दिसलं आणि मी बोट दाखवलं. एक बारीक लालसर दांडा, वर एकच फूल. गुलाबी-जांभळ्या पाकळ्या मुकुटासारख्या वर उभारलेल्या, खाली पांढुरकी चपली, आत तांबूस रेघा, तोंडाशी पिवळ्या केसांचा झुबका आणि पुढे दोन बारीक शिंगं. तो झुबका म्हणजे फसवणूक आहे. हिवाळ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंबलबीच्या राण्यांना तिथे पराग आहेत असं वाटतं. आत मध नाही, खाण्याजोगे पराग नाहीत. राणी दोनचारदा फसते, मग शहाणी होते. तेवढ्यात परागण झालं तर झालं.

मावशी फुलाकडे न जाता तीन हात अलीकडेच थांबली. ती खाली बघत होती. मॉसमधून एक पान जमिनीला चिकटून पसरलेलं होतं. गडद हिरवं, लांबट गोल, लांबीच्या दिशेने चुण्या पडलेल्या. पलीकडे आणखी एक, बोटाच्या पेराएवढं. आणखी दोन खोडाच्या सावलीत. फूल न आलेली कॅलिप्सोची झाडं. फुलापेक्षा ती संख्येने जास्त होती.

आणि फुलाच्या बरोबर समोर मॉस दबलेलं होतं. गादीवरून कुणी नुकतंच उठावं तसे दोन खळगे, गुडघ्यांचे. त्यांच्या पुढे दोन लहान, कोपरांचे. मी यंदा तिथे गेलो नव्हतो. म्हणजे माझी ही गुपित जागा आणखी कुणाला तरी ठाऊक होती. डाव्या गुडघ्याच्या खळग्यात एक पान मधोमध मोडून काळं पडलं होतं.

मावशी : बघितलंस? या माणसाला ठिकाण माहीत होतं. पान माहीत नव्हतं.

मी : मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशी : तू सांगितलं नाहीस तरी तो आला. तू पान दाखवलं असतंस तर तो असा आडवा झाला नसता. तुझ्याकडे या फुलाचे एवढे फोटो आहेत. नुसत्या पानाचा एक तरी आहे?

नव्हता. माझ्या ओळखीच्या कुठल्याच छायाचित्रकाराकडे नव्हता. आम्ही सगळे फुलाचेच फोटो काढतो, समोरून, डोळ्याच्या रेषेत, मागची हिरवाई धूसर करून. त्या रेषेत यायचं तर जमिनीवर झोपावं लागतं. झोपायला जागा लागते. जागा म्हणजे मॉस, आणि मॉसमध्ये पानं.

मी : हे फोटोचं मूळ दुखणं आहे. चांगला फोटो म्हटलं की फूल एकटं, मोठं आणि स्वच्छ हवं. मग कुणी पुढची काडी उपटतो, कुणी आडवं येणारं गवत मोडतो. त्या गवताआड फूल हरणांपासून लपलेलं असतं, त्याला सावली असते. फोटोवाला निघून जातो, रात्री हरीण येतं. म्हणून मी हल्ली लांब लेन्स वापरतो, वाटेवर उभं राहून जेवढं मिळेल तेवढं घेतो. ढगाळ दिवस बघून येतो, म्हणजे फ्लॅश नको, रिफ्लेक्टर नको, आणि गुलाबी रंग उन्हात विटतो तसा विटत नाही. मधे गवताची काडी आली तर ती फोटोत राहू देतो.

मावशी : मग हे लिही. फोटोखाली जागेचं नाव घालू नकोस हवं तर. पण पान कसं दिसतं, पाय कुठे ठेवायचा, काडी का मोडायची नाही, हे लिही. ते लपवून कुणाचं भलं होणार आहे?

मी : ते लिहायला माझी ना नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर मी नोंदी टाकतोच. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे दाखवतच नाहीत, वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी ठिपका टाकतात. अभ्यासाला नोंद मिळते, गर्दीला पत्ता मिळत नाही. फक्त मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे आपोआप चिकटलेले असतात, ते पुष्कळांना माहीत नसतं. ते काढून टाकूनच फोटो पुढे पाठवायला हवा.

आम्ही आल्या वाटेने बाहेर पडलो. मोडलेल्या पानाचा फोटो मी घेतला. मावशीच्या सांगण्यावरून शेजारच्या धड पानांचाही घेतला, दगडावर उभा राहून.

दुपारी ह्युरनच्या काठावर सिंगिंग सँड्सला गेलो. तिथे दलदलीवरून लाकडी पायवाट बांधली आहे. कुणालाही येता येतं, ढकलगाडीतली पोरं येतात, काठी टेकत आजीआजोबा येतात. पायवाटेच्या दोन्ही अंगांना कीटकभक्षी वनस्पती: घटपर्णी, दवबिंदू, कडेला बटरवर्ट. आणि पिवळी लेडीज स्लिपर, हात लांब केला तर पोहोचेल इतकी जवळ.

एका फुलावर लहानशी मधमाशी घुटमळत होती. चपलीच्या तोंडाशी आली, आत घसरली. चपलीची कड आतल्या बाजूला वळलेली असते, आल्या वाटेने परतता येत नाही. आत तिची भुणभुण ऐकू येत होती. थोड्या वेळाने मागच्या अंगाला देठापाशी एक लहान फट आहे तिथे तिचं डोकं दिसलं. ती अंग चोरून, पाय झाडत बाहेर आली तेव्हा पाठीवर पिवळा चिकट लेप होता. आत शिरलेल्या माशीला आधी स्त्रीकेसराखालून जावं लागतं आणि मग परागकोषाला घासून. म्हणजे आधीच्या फुलावरून आणलेले पराग आधी उतरतात, नवे नंतर चढतात. पायवाटेवर आठदहा माणसं थांबून हे बघत होती. एक लहान मुलगा आईला पुन्हा पुन्हा विचारत होता, ती बाहेर येईल ना?

मावशी : हे नेमकं कसं घडतं ते डार्विनला आधी कळलं नव्हतं. 1862 च्या त्याच्या ऑर्किडांवरच्या पुस्तकात त्याने वेगळाच तर्क केला होता, की कीटक बाहेरूनच सोंड घालत असणार. अमेरिकेतल्या आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथली लेडीज स्लिपर बघून त्याला कळवलं की कीटक आत शिरून मागच्या फटीतून बाहेर पडत असावा. मग डार्विनने एक छोटी मधमाशी पकडून फुलात सोडली, आणि ती पराग माखून बाहेर आली. एकाने बघितलेलं दुसऱ्याला सांगितलं म्हणून ते कळलं. आणि ही दलदल तरी कशी राहिली, सांग.

मला ते माहीत होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉर्कस बेच्या या किनाऱ्यावर सुट्टीतली घरं बांधायचा घाट होता. ओंटारियोतल्या निसर्गप्रेमींच्या संघाने वर्गणी काढून जमीन विकत घेतली. पुढे 1987 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा ती राखणीला आयती होती.

मावशी : वर्गणी कुणी दिली असेल? ज्यांनी इथली फुलं कधी बघितली होती, त्यांनीच. सगळ्यांनी तुझ्यासारखं तोंड मिटून ठेवलं असतं तर आज इथे बंगले असते.

मी : पायवाट बांधलेल्या जागा लोकांना खुशाल सांगाव्यात, मी उद्यापासून सांगतो. गर्दी इथेच यावी. इथे लाकडावर हजार पाय पडले तरी मुळांना कळत नाही. पण कॅलिप्सोच्या जंगलात कुणी पायवाट बांधलेली नाही.

मावशी : तिथलं मी मघाशी बघितलं. तिथल्यापुरतं तुझं खरं आहे.

परतताना हायवेच्या कडेला पिवळ्या लेडीज स्लिपरचा एक मोठा पट्टा लागतो. चर आणि डांबर यांच्या मधे, अडीचतीन हात रुंदीचा. मी दरवर्षी तिथे गाडी हळू करतो, थांबत नाही, मागून येणाऱ्याला कळू नये म्हणून. यंदा मावशीने थांबायला लावलं. पट्ट्याच्या अर्ध्या भागावरून गवत कापायचं यंत्र फिरलं होतं. अर्धी फुलं डुलत होती, अर्ध्यांच्या जागी बोटभर खुंट होते. कापणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या लेखी तो रस्त्याकडेचा नेहमीचा तुकडा होता.

मावशी : याला कुणी सांगितलं होतं?

मी : कोण सांगणार?

मावशी : तूच. दरवर्षी बघतोस ना? बी पिकेपर्यंत हा पट्टा कापू नका, एवढंच त्यांना कळवायचं. ही फुलं तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतातच, यात लपवण्यासारखं काय आहे?

टोबरमोरीतून आणलेला नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरून मी तो पट्टा कुठून कुठपर्यंत आहे ते आखलं. रस्त्याकडेची आणखी ठिकाणं आठवत होती, तीही घातली. रस्त्यांची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला एक प्रत आणि उद्यानातल्या वनस्पतींच्या अभ्यासकांना एक, असं ठरलं. मावशी चष्मा लावून प्रत्येक खूण तपासत होती. जंगलाच्या बाजूला माझी पेन्सिल वळली तसा तिने हात आडवा केला.

‘‘कॅलिप्सो अभ्यासकांच्या प्रतीत घाल,’’ ती म्हणाली. ‘‘रस्तेवाल्यांच्या प्रतीत नको. त्यांना त्याचं काही काम नाही.’’